पाटाखालचं पाणी

पौषात पाण्याबाहेर ओढून काढलेला किसनरावांचा डोंगा फाल्गुन लागला तरी करजतळ्याच्या काठावर, कडुलिंबाखाली तसाच पडून होता. पोलिसांनी पंचनामा केला, फोटो काढले आणि डोंगा मालकाच्या ताब्यात देऊन ते निघून गेले. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नाही. सरपणाला निघालेल्या बायासुद्धा त्या झाडाला वळसा घालून जात. म्हणून एका सकाळी तिकडून कटर चालल्याचा कर्र आवाज आला, तेव्हा सुभद्राच्या हातातली भाकर हातातच राहिली. तिनं मागच्या खोलीत पाहिलं. बंडू भिंतीकडे तोंड करून निजला होता. आवाज त्याच्या कानावर गेला हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं. पाठ एकदम आखडली होती.

"डोंगा कापून राहिले वाटते," ती म्हणाली.

बंडूनं गोधडी डोक्यावरून ओढली. घटना झाल्यापासून तो फारसं बोलतच नव्हता.

घटना संक्रांतीनंतरची. अंजनगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी करजतळ्याचं धरण आहे. सुभद्राचं लहानसं गाव अलीकडच्या काठाला आणि किसनरावांची पानपिंपरीची, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांची, बाग पलीकडच्या. रस्त्यानं धरणाच्या भिंतीला वळसा घालून जायचं तर अर्धी सकाळ चालण्यात जाते. म्हणून किसनरावांनी एक जुना फायबरचा डोंगा विकत आणला होता. कुठल्याशा शहरातल्या तलावावर तो सहलीच्या माणसांना फिरवायचा. तिथं त्याचं आयुष्य संपलं, म्हणून इकडे आला. वरून निळा रंग मारला, मागं पेट्रोलचं मशीन बसवलं. सुभद्राचा नवरा भोई, जन्म पाण्यावर गेलेला. तो वारल्यावर त्याचा मुलगा बंडू डोंगा चालवू लागला. सकाळी तोडणीच्या बाया पलीकडे न्यायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. एका खेपेला सहा माणसं, असं ठरलेलं.

त्या संध्याकाळी वारा सुटला. दोन खेपा कराव्या लागणार होत्या, पण दुसऱ्या खेपेच्या बाया काठावर थांबायला तयार होईनात. अंधार पडत होता आणि त्या बाजूला रानडुकरं फिरायची. बंडूनं सगळ्यांना बसवलं. अकरा जणी. तळ्याच्या मध्यावर एक लाट आत आली, बाया एका बाजूला सरकल्या, आणि ज्यावर पाय ठेवून बसायचं तो पाटच त्यांच्या पायाखाली कडाडून खचला. डोंगा कलला तो कललाच. काही जणी पालथ्या डोंग्याला धरून राहिल्या, काहींना बंडूनं ओढून त्यांच्यापाशी आणलं. दोघी सापडल्या नाहीत. एक सुगतची बायको नीलम, पदरी तान्हं पोर असलेली. दुसरी मैनाबाईची लेक आरती, लग्न ठरलेली. दुसऱ्या दिवशी दोघी जाळ्यात आल्या.

बंडूवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. जामिनावर सुटून घरी आला तो मागच्या खोलीत शिरला, आणि तिथलाच झाला.

सुभद्रा भाकर तव्यावर टाकून तशीच काठाकडे गेली.

डोंग्यापाशी किसनराव उभे होते. आत गुडघ्यावर बसून एक माणूस मशीन चालवत होता. नाकातोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, हातभर पांढरी भुकटी. तिला पाहून त्यानं मशीन बंद केलं.

"अकोल्याचे परवेजभाई हायत," किसनराव म्हणाले. त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. "जुन्या शहरात कारखाना हाय त्याइचा. टाक्या, दरवाजे, सगळं फायबरचं करतेत. पाट बदलून घेऊन राहिलो. पिंपरीचा शेवटचा तोडा बाकी हाय, सुभद्रा. बाया रस्त्यानं जाऊन जाऊन थकल्या."

"अन् चालवन कोण?"

"पाहू कोणी."

परवेजनं रुमाल खाली ओढला. चाळिशी ओलांडलेला, डोळे लालबुंद झालेले. "कोणी हाताखाली भेटन काय, मावशी? हे एकट्याचं काम नाई. रेझिन, म्हंजे फायबरचा चीक, कालवलं का एकानं लावायचं, एकानं दाबायचं. नाईतर वाळून जाते."

"माहा पोरगा येईन," सुभद्रा बोलून गेली.

किसनराव तिच्याकडे बघतच राहिले. "बंडू? अवं, लोकं काय म्हणतीन?"

"लोकं म्हणूनच राहिलेत, भाऊ. त्याइचं काय थांबलं?"

परवेजला कोण बंडू ते गावात शिरतानाच कळलं असावं. त्यानं किसनरावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डोंगा चालोणारा असन त चांगलंच हाय," एवढंच म्हणाला.

घरी आली तेव्हा भाकर जळून कोळसा झाली होती. तिनं ती उतरवली आणि बंडूच्या उशाशी जाऊन बसली. आधी गोड बोलली, मग रागावली. तो हलला नाही. शेवटी ती म्हणाली, "पाट बसवून राहिले. उद्या पुन्हा बाया त्याच्यावर पाय ठेवतीन. कसा बसवला, कोणी बसवला, तुले काईच पाहाचं नाई काय?"

त्यावर तो उठला. चूळ भरली, चहा न घेताच चपला घातल्या. काठापर्यंत ती त्याच्या मागं मागं गेली, तो मध्येच माघारी फिरेल या भीतीनं. तो फिरला नाही. डोंग्यापाशी पोचल्यावर मात्र त्यानं कडेला नुसता हात टेकवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. परवेजनं घाई केली नाही. मग त्याच्या हातात एक पटाशी दिली. "हे कडेचं लाकूड उकरून काढ. हळू. खालचं पोट फुटाले नको."

खचलेल्या पाटाचे तुकडे निघू लागले. वरून फायबरचा पातळ थर, आत प्लायवूड. पण त्याला प्लायवूड म्हणायचं ते नावापुरतंच. हातात घेतलं की भिजलेल्या खारकेसारखं सुटून येत होतं, काळंकुट्ट, कुजका वास मारणारं. पाटाला आधार द्यायचे लाकडी दांडेही तसेच, बोटानं टोकलं तरी आत जाणारे. सुभद्रा डोंग्याचं सामान ठेवायच्या शेडच्या सावलीला बसून पाहत होती. दुपारपर्यंत सगळा पाट निघाला आणि खालचा फोम दिसला. पाट आणि डोंग्याचं पोट यांच्यामधल्या पोकळीत तो ठासून भरला होता. पिवळा असायचा, पण चहाच्या गाळासारखा झाला होता.

परवेजनं त्याचा उशीएवढा तुकडा कापला. एका हातानं उचलायला गेला आणि थबकला. मग दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला, जमिनीवर टेकवला आणि त्यावर गुडघा दिला.

पाणी निघालं. थेंब थेंब नव्हे, धार लागून निघालं. मातीत वाहत सुभद्राच्या पायापर्यंत आलं.

"या अल्ला," परवेज हळूच म्हणाला. "दोन महिने उन्हात राह्यला, तरी एवढं. मावशी, हा फोम डोंगा तरंगाले पायजे म्हून भरतेत. पाटाले जिथं जिथं चीर होती तिथून पाणी आत जात राह्यलं. बाहेर यायले रस्ताच नाई. हे आजकालचं नाई, सालोसाल प्यालेलं हाय. माणूस बसायच्या आधीच डोंग्यात पाच-सात माणसाइचं वजन होतं."

सुभद्राला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि ती एकदम उठून उभी राहिली. "म्हंजे माह्या पोरानं सहाच बसवले असते, तरी..."

"ते मी कसं सांगू. पण डोंगा जड होता, हे खरं."

तिनं बंडूकडे पाहिलं. तिला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल, निदान तो रडेल तरी. तो डोंग्यात गुडघ्यावर बसून फोमचा पुढचा तुकडा कापत होता.

संध्याकाळी किसनराव आले. त्यांनी चपलेच्या टोकानं फोमचा ढीग दाबून पाहिला; पाणी निघालं. त्यांना कळलं नाही असं नव्हे. ते काही वाईट माणूस नव्हते. नीलमच्या पोराचं दूध त्या दिवसापासून त्यांच्याच गोठ्यातून जात होतं. पण मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हा कचरा खड्ड्यात टाकून माती लोटून द्या. ढोरं तोंड घालतीन."

रात्र व्हायच्या आत सुभद्रानं फोमचा एक तुकडा पिशवीत घातला आणि ती मैनाबाईकडे गेली.

मैनाबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. त्या संध्याकाळी तीही डोंग्यात होती. बंडूनं सगळ्यात आधी तिलाच ओढून काढलं होतं. त्यानंतर ती सुभद्राच्या दारावरून जायची, पण मान वळवत नसे. आज सुभद्रा समोर येऊन उभी राहिली तरी तिनं वर पाहिलं नाही.

"मैना, एक दाखवाचं होतं." सुभद्रानं पिशवीतून तुकडा काढला आणि दोन्ही हातांनी पिळला. तपकिरी पाणी अंगणात सांडलं. "हे डोंग्याच्या पोटात होतं. सगळा असाच भरला होता. अकोल्याचा मिस्त्री म्हणते, पाच-सात माणसाइचं वजन होतं. डोंगा आधीच बुडाले आला होता, मैना."

"माह्या सारवलेल्या अंगणात कायले सांडतं हे?"

सुभद्रा गडबडली. पदरानं जमीन पुसायला वाकली.

"राहू दे," मैनाबाई म्हणाली. तिनं हातातली काडी मोडली, बाजूला ठेवली. "डोंगा जड होता म्हणतं. बरं. मंग?"

"मंग काय... सगळा दोष बंडूचा नाई. लोकं त्याले खुनी म्हणून राहिले."

"मी म्हटलं काय? त्यानं अकरा बसवले म्हून मी कोणापाशी बोलली नाई. मीच त्याले म्हटलं होतं, बंडू, आमाले इथं टाकून जाऊ नको बाप्पा. मी कोण्या तोंडानं बोलू?" ती पहिल्यांदा सुभद्राच्या डोळ्यांत पाहत होती. "मले एकच इचारायचं हाय, अन् ते तुले नाई इचारायचं, त्याले इचारायचं हाय. आरती माह्या मांडीले मांडी लावून बसली होती. तिचा हात माह्या हातात होता. त्यानं पाण्यात हात घातला, त मले कावून धरलं? मी पन्नाशीची रांडमुंड बाई. मले काय करायचं होतं जगून? पोरीले कावून नाई धरलं?"

सुभद्रानं तुकडा पिशवीत घातला. ती पिशवी घेऊन घरी आली. वाटेत तिनं फोमचा तुकडा फेकून द्यायचं ठरवलं, मग नाही फेकला.

जेवताना तिनं बंडूपुढे तोच विषय काढला. मैनाबाईचं बोलणं तिनं सांगितलं नाही. फक्त फोमचं सांगितलं. परवेजभाईला कोर्टात साक्ष द्यायला सांगू, वकिलाला हा तुकडा दाखवू, किसनभाऊ काय म्हणायचं ते म्हणोत.

"मले मालूम होतं, माय," बंडू म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"डोंगा जड झाला ते. हाताले समजते न. मशीन तेवढंच अन् डोंगा पुढं सरकतच नोता. उजव्या अंगाले झुकून चालायचा. पाटावर पाय देला का पचपच करे." त्यानं घास वरणात कालवला, पण उचलला नाही. "दिवाळीत मी भाऊले सांगतलं. ते म्हणे पिंपरीचे तोडे होऊ दे, मंग पाहू. मी म्हटलं बरं. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगा काढला."

"हेच सांग न कोर्टात! त्याइनं ऐकलं नाई म्हून सांग."

"सांगीन. सगळंच सांगीन. जड हाय हे मालूम असून अकरा बसवले, तेबी सांगीन. तरंगाची जाकिटं शेडात खिळ्याले लटकून होती, मी कधी घातली नाई, घाला म्हटलं नाई, तेबी सांगीन."

"मी तुले सोडवाले पाहून राहिली अन् तू स्वतःच गळ्यात फास घेऊन राहिला!" सुभद्राचा आवाज चढला. शेजारच्या घरात कोणीतरी दार लावून घेतलं. बंडू ताट सरकवून उठला. त्या रात्री तिला झोप लागली नाही. पोराचा राग येत होता. आणि हा राग करायला तरी तो तिथं, भिंतीपलीकडे, श्वास घेत आहे, या विचारानं तिला मैनाबाईची लाज वाटत होती.

पुढचे दिवस काम चाललं. डोंग्याचं पोट उन्हात कोरडं होऊ दिलं, आतून घासून घेतलं. त्या भुकटीनं अंग खाजायचं; दोघं सकाळी हातांना खोबरेल चोळून बसायचे. नवे दांडे कापून बसवले, त्यांच्यावर फायबरच्या कापडाच्या पट्ट्या लावून ते डोंग्याच्या पोटाशी एकजीव केले. प्लायवूड आलं तेव्हा परवेजनं ते आधी खालच्या अंगानं रेझिननं भिजवलं, मग कडा, मग प्रत्येक खिळ्याचं भोक. "पहिल्या कारागिरानं वरून तेवढं लावलं अन् खाली कोरं सोडलं," तो बंडूला सांगायचा. "पाणी वरून येत नाई, कडेनं येते. जिथं कोणी पाहात नाई तिथून येते."

बंडूचा हात चांगला होता. पण तो कुठंच थांबत नव्हता. एकदा लावलेली कड पुन्हा तपासायचा, नाण्यानं टकटक करून आवाज ऐकायचा. पोकळ वाजलं की फाडायचा आणि नव्यानं लावायचा. परवेज एक-दोनदा म्हणाला, "बस झालं, भाऊ." मग त्यानं म्हणणं सोडून दिलं. नवा फोम पाणी न पिणारा आणला होता. तरी बंडूनं हट्ट धरला की पाटात एक झाकण हवं. ते उघडून हात घालून खालचं पाणी पाहता आलं पाहिजे, रोज. परवेजनं टाकीला असतात तशी चुडीची, फिरवून घट्ट बसणारी दोन झाकणं मागवली आणि पाटात बसवून दिली.

वरचा थर घालायच्या दिवशी ऊन फार होतं. अशा उन्हात रेझिन लवकर धरतं, म्हणून त्यांनी सकाळीच सुरुवात केली. परवेज मगात कालवून द्यायचा, बंडू ब्रशनं पसरवून कापड अंथरायचा आणि रोलरनं हवा बाहेर काढत जायचा. वास एवढा उग्र की डोळ्यांतून पाणी येई. सुभद्रा शिदोरी घेऊन आली होती. ती शेडपाशी पोचली तेव्हा मैनाबाई डोंग्याच्या कडेला उभी होती.

कधी आली, कोणाला कळलं नव्हतं. बंडूनं मान वर केली आणि त्याच्या हातातला रोलर थांबला.

"मी काही भांडाले नाई आली," मैनाबाई म्हणाली. "तुले एक इचारायचं होतं. तू मले कावून धरलं?"

परवेजनं बंडूच्या हातातून रोलर घेतला आणि उरलेलं कापड स्वतः दाबू लागला. बंडू तसाच गुडघ्यावर होता. हात चिकट, दोन्ही अंगापासून दूर धरलेले.

"मावशी, पाण्याखाली दिसत नोतं. अंधार होता. लुगड्याचा सोगा हाताले लागला, तो ओढला. कोणाचा हाय ते वर आल्यावर समजलं."

"अन् समजल्यावर? ती माह्या बाजूलेच असन न. पुन्हा बुडी कावून नाई मारली?"

बंडू खाली पाहू लागला. सुभद्राला कळलं की पुढचं वाक्य त्याच्या तोंडात आहे, आणि ते बाहेर येऊ नये असं तिला फार वाटलं. ती पुढे झाली. "बंडू, जेवून घे रे, भाकर..."

"तुमी माह्या गळ्याले मिठी मारली होती, मावशी," बंडू म्हणाला. "सुटतच नोती. मी लय सोडवून पाह्यली. डोंग्यापाशी नेऊन तुमचे हात त्याच्यावर ठेवले, तवा सुटली. मंग गेलतो मी. चार-पाच खेपा गेलतो. बाकीच्या सापडल्या. ती नाई सापडली."

मैनाबाई एक पाऊल मागं सरली. तिनं आपले दोन्ही हात समोर धरले, तळवे वर, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मग जिथं उभी होती तिथंच खाली बसली, मातीत, भुकटीत. सुभद्रा तिच्याजवळ गेली तर तिनं कोपरानं तिला बाजूला सारलं. परवेज रोलर फिरवत होता. मगात उरलेलं रेझिन आपसूक तापून वाफाळलं, तडकलं आणि मगासकट दगड झालं. कोणीच तिकडे पाहिलं नाही. किती तरी वेळानं मैनाबाई उठली, साडी झटकली आणि गावाकडे चालू लागली.

"हे सांगाचं नोतं रे," सुभद्रा मग म्हणाली.

"तिनं इचारलं न, माय."

चैत्राच्या आरंभी डोंगा पाण्यात उतरवला. काठावर माणसं जमली होती, पण लांब उभी होती. सुगत आला होता, पोराला कडेवर घेऊन. डोंगा पाण्यावर असा बसला की पाहणाऱ्यांना ओळखू येईना. कडा पाण्यापासून वीतभर जास्त वर. पोरं असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. सुगत ते पाहून म्हणाला, "असा असता त...", आणि तोंड फिरवून निघून गेला.

परवेज अकोल्याला जायच्या आधी अंजनगावला ठाण्यात गेला आणि पाहिलं ते सांगून आला. त्यानं फोमचा तुकडाही दिला, सुभद्राकडचा. हवालदारानं तो टेबलाखाली ठेवला. मग किसनरावांनाही बोलावणं आलं. केस अजून उभी राहायची आहे. कधी राहील कोणाला ठाऊक नाही. तारीख पडते, बंडू जातो, पुढची तारीख घेऊन येतो. वकील त्याला सांगून थकला की विचारल्याशिवाय तोंड उघडू नको.

तो आता अकोल्यालाच असतो, परवेजच्या कारखान्यात, पाण्याच्या टाक्या बनवतो. घरी आला तरी तळ्याकडे जात नाही.

किसनरावांनी सुभद्राशी बोलणं टाकलं. पण डोंगा चालवायला दुसरं कोणी पुढं येईना, आणि बाया रस्त्यानं जायला कंटाळल्या. मग एक दिवस त्यांनी गड्याच्या हाती मशीनची चावी पाठवून दिली. सुभद्रा भोयाची लेक आणि भोयाची बायको. पाणी तिला नवं नव्हतं. ती रोज सकाळी झाकणं उघडते, पाटाखाली हात घालून बघते, हात कोरडा निघाला की बायांना बसवते. जाकिटं घातल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. सातवी बाई आली की तिला उतरवते. बाया कुरकुरतात, एकदोघी शिव्याही देतात. काही तर तोंडावर बोलल्या, की एवढी शिस्त पोराले शिकवली असती त बरं झालं असतं. ती ऐकून घेते.

मैनाबाई त्या बायांत नसे. ती पहाटे उठून रस्त्यानं जायची, भिंतीला वळसा घालून, आणि दिवस बुडाल्यावर तशीच परत यायची. सुभद्राला पलीकडच्या काठावरून ती दिसायची.

शेवटच्या तोड्याच्या अखेरच्या दिवशी पहिली खेप सोडून सुभद्रा परत अलीकडे आली, तर काठावर मैनाबाई एकटीच उभी होती. तिनं जाकीट घेतलं, अंगात घातलं, बंद कसे लावायचे ते तिला येईना. सुभद्रानं लावून दिले. ती मधल्या फळीवर बसली, दोन्ही पाय नव्या पाटावर घट्ट रोवून.

मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "थांबव."

सुभद्रानं मशीन बंद केलं. तळं शांत होतं. डोंगा जरासा फिरला आणि स्थिर झाला.

"इथंच काय?"

"इथंच, असंच कुठी. थोडं तिकडं."

मैनाबाई त्या बाजूच्या पाण्याकडे पाहत बसली. हात मांडीवर, एकात एक अडकवलेले. रडली नाही. पाण्यात काही टाकलं नाही. सुभद्रानं तिला घाई केली नाही. दुसऱ्या खेपेच्या बाया काठावर येऊन हाका मारू लागल्या तरी नाही.

"आरतीले थोडं पोहता येत होतं," मैनाबाई अचानक म्हणाली. "लहानपणी माह्या भावाच्या गावी शिकली होती, विहिरीत. म्हून त्यानं मले धरलं असन. तिले येते म्हून. माहीत असन त्याले."

सुभद्रानं तिच्याकडे पाहिलं. आरतीला पाण्याची केवढी भीती होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. डोंग्यात चढताना ती आईचा हात सोडत नसे. आणि बंडू काय म्हणाला होता, ते मैनाबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"असन," सुभद्रा म्हणाली.

मैनाबाईनं मान हलवली, दोनदा. मग म्हणाली, "चाल आता. बाया खोळंबल्या."

पलीकडे उतरल्यावर तिनं जाकीट काढून फळीवर ठेवलं आणि बागेकडे चालू लागली. संध्याकाळी सुभद्रा तिच्यासाठी एक जागा रिकामी ठेवून थांबली. ती आली नाही. रस्त्यानंच गेली होती.